टर्मिनलमधून परत आलेले काका

भूतखेत, करणी, बाहेरची बाधा यातलं मी कधीच काही मानलं नाही. धाडसी आहे म्हणून नव्हे, धंदाच तसा आहे म्हणून. माझा सगळा जन्म हाउसकीपिंगमध्ये गेला. आधी हॉटेलांत, मग जहाजावर. हॉटेलच्या ज्या खोलीत सकाळी माणूस गेलेला असतो, ती खोली दुपारी धुऊन, चादरी बदलून, उशीवर चॉकलेट ठेवून पुढच्या पाहुण्याला द्यायची असते... आणि तो पाहुणा तिथे छान झोपतो. हे मी इतक्यांदा केलंय, की अशा गोष्टींची भीती मला शिवली नाही.

तरी हे लिहितोय. जे झालं ते माझ्या सख्ख्या काका-काकीच्या बाबतीत झालं. त्यात भुताचा काही संबंध नाही, कोणी दिसलं नाही, आवाज आले नाहीत. जे झालं त्याला काय नाव द्यावं हेच मला कळत नाही. नावं बदलली आहेत. काकीला वाचता येत नाही, आणि काका वाचतील ते राशिभविष्य, त्यामुळे त्यांच्यापर्यंत हे जाणार नाही अशी आशा आहे.

आम्ही मूळचे आगरी; आमच्या बोलीत 'ड-ढ'चा बऱ्याचदा 'र' होतो, आणि पुरुषही 'सांगते, करते' म्हणतो. वडील लवकर गेले, तेव्हापासून मला काकांनी वाढवलं. काका कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकच्या वजनकाट्यावर बसायचे. तरुणपणी तिथेच एका ट्रकचा टायर त्यांच्या अगदी बाजूला फुटला आणि उजवा कान कायमचा गेला. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. काकांशी बोलायचं तर डाव्या बाजूला जायचं. जेवताना त्यांच्या डाव्या हाताला बसायचं. लहानपणी मी शाळेतून खराब मार्क आणले, की मुद्दाम उजव्या बाजूने जाऊन हळू सांगायचो, म्हणजे सांगितलं पण आणि ऐकलं पण नाही. तेव्हा कान कुठला, याबद्दल माझी चूक होणं शक्य नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं याच्यावरच येतं.

दोन हजार दहानंतरच्या दशकातली शेवटची वर्षं. मुंबईहून गोव्याला आणि दीवला जाणाऱ्या एका प्रवासी जहाजावर मी एका डेकचा हाउसकीपिंग इनचार्ज होतो. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलतीत केबिन मिळायची. काकांना म्हटलं, या एकदा. काकी गोव्याला तयार झाली. काका म्हणाले, "एवरं चरलोच बोटीवर तं दोन फेऱ्या मारू की. उतरायचं आनि परत चरायचं कोनाला हाय?" म्हणून मी त्यांना लागोपाठच्या दोन फेऱ्या काढून दिल्या — एक गोव्याची, एक दीवची. केबिन तीच.

आता उतरायचं नाही असं त्यांना वाटलं, पण तसं नसतं. एक फेरी संपून त्याच दिवशी दुसरी सुटते, त्या दिवसाला आमच्यात टर्नअराउंड म्हणतात. बाहेरच्या माणसाला त्याची कल्पना यायची नाही. सकाळी जहाज धक्क्याला लागतं, हजारभर माणसं बॅगा ओढत उतरतात, आणि दुपारपर्यंत तेवढीच नवीन माणसं चढायला उभी असतात. मधल्या वेळात सगळ्या केबिन नव्यासारख्या करायच्या. आणि नियम असा, की जहाज एकदा पूर्ण रिकामं झालंच पाहिजे. ज्यांचं पुढच्या फेरीचं तिकीट आहे त्यांनीसुद्धा खाली उतरायचं, टर्मिनलच्या हॉलमध्ये गळ्यात 'इन-ट्रान्झिट'चं कार्ड अडकवून बसायचं, आणि जहाज रिकामं झाल्याचं वरून कळलं की पुन्हा सिक्युरिटीतून जाऊन वर यायचं. सामान केबिनमध्येच राहतं. अशा लोकांच्या केबिनची पूर्ण साफसफाई करत नाहीत. चादर नीट, टॉवेल बदल, बस.

त्या सकाळी काका-काकी उतरायला निघाले. काकांनी कार्ड गळ्यात घालून आरशात बघितलं आणि म्हणाले, "बैलाला बिल्ला लावल्यासारकं दिसते."

काकी म्हणाली, "बैल बरा. तो ऐकते तरी."

मी दारात उभा होतो, डोक्यात पन्नास केबिन. काकी बाहेर पडता पडता माझ्यापाशी थांबली. "विलास, आमी येईस्तंवर खोलीत झाडू नको हां मारू. मानूस बाहेर परला का मागनं लगेच केर काढत नाय. तुला म्हाईत हाय ना?"

माहीत होतं. आपल्याकडे कोणाला माहीत नाही? माणूस प्रवासाला निघाला की उंबऱ्यात पाठोपाठ केरसुणी घेऊ नये. लगेच केर काढतात तो एकाच माणसाच्या मागे, जो परत यायचा नसतो. माझी आईही पाळायची. मला हसू आलं. म्हटलं, "काकी, आमचा अख्खा धंदाच तो आहे. माणूस बाहेर पडला की केर काढायचा."

"त्ये लोकांचं. माज्या खोलीत नको."

"नाही मारणार," मी म्हणालो.

आणि मारला. तेही स्वतःच्या हाताने. त्या दिवशी वरच्या साहेबांचा अचानक राउंड निघाला. माझा त्या बाजूचा स्टुअर्ड दुसऱ्या केबिनमध्ये अडकलेला. मी दार उघडून आत डोकावलो, तर काकीने घरून आणलेल्या तांदळाच्या पापड्यांचा चुरा सगळ्या गालिच्यावर. साहेबाने तो बघितला असता तर डेक माझा, नाव माझं. मी व्हॅक्यूम ओढला आणि उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत सगळं साफ केलं. मनात विचार आला हे आठवतं. विचार असा, की व्हॅक्यूम म्हणजे काही झाडू नव्हे. चाळिशीच्या माणसाने स्वतःला असं समजवावं... पण समजवलं.

खाली हॉलमध्ये काय झालं ते मी पाहिलं नाही. काकीने नंतर सांगितलं ते असं. दोघं शेजारी शेजारी बसले होते. वर जायला बोलावलं तेव्हा सिक्युरिटीत बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. बायकांना पडद्याआड नेऊन तपासतात. काकी पडद्याबाहेर आली, तेव्हा काका पलीकडून पट्टा कमरेला लावत येत होते. तेच कपडे, तोच चष्मा, गळ्यात कार्ड. आणि तिला वाटलं, हा कोण?

मी कॉरिडॉरमध्ये होतो. दोघं आली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढे गेले. काकी मागे राहिली. तिने पहिलं विचारलं ते हे — "झाडू मारलास का?"

"नाही, काकी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात, भाजी संपली म्हणून सांगावं तसं म्हणाली, "विलास, ह्यो तुजा काका नाय."

मला वाटलं, इतका वेळ हॉलमध्ये बसून चक्कर आली असेल. तिला बाहेर खुर्चीत बसवलं, लिंबूपाणी दिलं आणि मी आत काकांकडे गेलो. ते बेडवर बसून मोजे काढत होते. मी सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला गेलो, वाकलो आणि म्हणालो, "काका, काकीला बरं वाटत नाहीये. खाली काही झालं का?"

काकांनी मोजा काढायचं थांबवलं नाही. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा त्यांनी मान वर केली, मला बघितलं आणि उजवा कान माझ्याकडे फिरवला. "ह्या बाजूनं बोल. त्या कानानं मना ऐकू येत नाय, तुला नवीन हाय का?"

मी जहाजावर किती वर्षं काम केलं, पण डेक पायाखालून हलल्यासारखं वाटलं ते तेव्हाच. आणि जहाज धक्क्याला बांधलेलं होतं.

जहाजावरच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. बीपी ठीक, साखर ठीक. काकांना प्रश्न विचारले. पंतप्रधान कोण, वार कोणता, हे कोण? काका म्हणाले, "ही माजी बायको, हा माजा पुतन्या, आनि तू डॉक्टर. तुला म्हाईत नसल तं मी सांगते." डॉक्टर हसले. मलाही हसू आलं असतं, कारण ते अगदी काकांसारखं होतं. नंतर त्यांना एकटं गाठून वडिलांबद्दल विचारलं, आमच्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी विचारल्या. सगळ्या बरोबर सांगितल्या. वडील गेले त्या दिवशी मी माजघरात कुठल्या पिंपामागे लपून बसलो होतो, हेसुद्धा. टायर फुटला तोही आठवत होता. फक्त डाव्या बाजूला.

दीवच्या सबंध फेरीत काकी केबिनमधल्या सोफ्यावर झोपली. दिवसा डेकवर बसून राहायची आणि मला एवढंच म्हणायची, "त्याचा उजवा कान गेलेला, ह्याचा डावा." काका तिच्यासाठी ताट भरून न्यायचे आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवून लांब जाऊन बसायचे. तिने जेवायला घेतलं की मग आपलं ताट आणायचे. मी ते लांबून बघायचो आणि आपल्या कामाला लागायचो.

पनवेलला आल्यावर काकी घरात शिरलीच नाही. रिक्षातूनच म्हणाली, "मना जासईला सोर." जासईला तिची बहीण राहते. माझा चुलतभाऊ नितीन खारघरला असतो, तो धावत आला आणि सगळा राग माझ्यावर काढला.

"दादा, तूच नेलंस ना बोटीवर? चाळीस वर्षांचा संसार मोडून आणलास. आता सांग, लोकांना काय सांगू? माझी आई म्हणते हा माझा बाप नाही?"

मी म्हटलं, "नितीन, बाबांचा कुठला कान खराब आहे?"

"आता हे काय मधेच?"

"सांग तर."

"डावा. पहिल्यापासून डावाच."

मी त्याला म्हटलं, नीट आठव. जेवताना आपण कुठल्या बाजूला बसायचो? तो म्हणाला, उजव्या. अरे, लहानपणी मार्क सांगायचे असले की आपण कुठून जायचो? तो म्हणाला, "डावीकडून, दादा. तूच मला शिकवलंस. आता तुलापण डॉक्टरकडे न्यायला पाहिजे."

नितीनच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला. माणसाची आठवण कशी चुकते, हे मी वाचलं आहे. पण मग काकीची आणि माझी एकाच दिवशी, एकाच बाबतीत, एकाच बाजूने कशी चुकेल? आणि चुकली नसेल, तर नितीनची कशी बदलली?

काकांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मशीन लावून तपासलं आणि सांगितलं, डाव्या कानाचा पडदा फार जुना फाटलेला आहे, उजवा वयाच्या मानाने उत्तम. मी विचारलं, बाजू बदलू शकते का? डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. घरी येऊन जुने फोटो काढले. प्रत्येक फोटोत काकी काकांच्या डाव्या बाजूला. मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, लग्नात, बारशाला, कुठेही — फोटोसाठी बायको नवऱ्याच्या डावीकडेच उभी राहते. सगळ्यांचीच. त्यातून काय सिद्ध होणार?

काकी जासईला होती तेव्हा मी आठवड्याला जायचो. एकदा तिने मला विचारलं, "तुला काय वाटते? मी येरी झालेय?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग तुलाबी त्यो नाय वाटत?"

मनात होतं, सांगून टाकावं — काकी, त्या दिवशी मी केर काढला. तू सांगितलं होतंस आणि मी काढला. पण सांगून काय झालं असतं? तिच्या मनातला संशय मी पक्का केला असता, आणि ती त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नव्हती. नाही सांगितलं तर मी खोटा राहत होतो. मी खोटा राहिलो. तिचं घर टिकावं म्हणून, असं मी स्वतःला सांगतो. खरं कारण मलाही ठाऊक नाही.

तिला परत आणायला मी काही केलं नाही. केलं ते काकांनी... किंवा जे कोणी होते त्यांनी. ते एक दिवस एसटीने जासईला गेले. दारात गेले नाहीत. समोरच्या कट्ट्यावर बसले. कंटेनरच्या गाड्यांची धूळ खात दुपारभर बसले आणि संध्याकाळी परत गेले. दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या वेळी काकीची बहीण बाहेर येऊन म्हणाली, "भावजी, न्यायला आलाव तं आत या. नाय तं गावातली पोरं इच्यारतान, ह्यो मानूस कुठल्या गारीची वाट बगते?"

काका म्हणाले, "न्यायला नाय आलो. बगाया आलो. ती बरी हाय ना?"

काकी आतून ऐकत होती. तिने नंतर मला सांगितलं, "तुजा काका असा कवाच नसता आला. त्यानं निरोप धारला असता. नितीनला धारलं असतं. बायकोच्या भनीच्या दारात असा बसला नसता." मग पुढे म्हणाली, "ह्यो कोन हाय त्यो हाय. पन बिचारा कट्ट्यावर बसते."

पावसाळा सुरू व्हायच्या आधी ती पनवेलला परतली. सुरुवातीला पाहुणा ठेवावा तसं तिने त्यांना ठेवलं. वेगळी खोली, वेगळा पेला. नाव न घेता, 'जेवाया वारलंय' असं भिंतीकडे बघून सांगायची. हळूहळू भिंत सुटली. गणपतीत मी गेलो, तर दोघं एका पाटावर बसून नारळ खवत होती आणि भांडत होती. भांडण खोबऱ्याचं होतं. मला फार बरं वाटलं. वाटलं, संपलं.

त्याच दिवशी निघताना काकी मला बाहेरच्या पायरीपर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "विलास, तू अजून त्याच बोटीवर हायस ना?"

"हो."

"मानसं उतरतान, परत चरतान, त्या दिवशी तू खाली हॉलमदे जातेस?"

"जाऊ शकतो."

"मंग जरा बगत जा. तुजा काका तिथंच बसला असल. त्याला कोन बोलवाया आला नसल, आनि बोलवला असल तं ऐकू आला नसल. दिसला तं डाव्या बाजूनं जा. आनि जेवला का ते इच्यार."

मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो?

पुढच्या टर्नअराउंडला मी खाली गेलो. काही काम नव्हतं. इन-ट्रान्झिटवाल्या खुर्च्यांत एक गुजराती जोडपं आणि दोन परदेशी म्हातारे बसले होते. मी एकेका खुर्चीकडे बघत पूर्ण हॉल फिरलो. वेड्यासारखं वाटत होतं, पण फिरलो. पनवेलला गेलो तेव्हा काकीला खुणेनेच 'नाही' म्हटलं. तिने मान हलवली. मग दर वेळी जायचंच ठरलं.

असं वर्षभर चाललं असेल. मग एका संध्याकाळी काका मला वडाळे तळ्यावर फिरायला घेऊन गेले. एव्हाना मी चुकूनही डाव्या बाजूला जात नव्हतो, उजव्या बाजूने चालत होतो. बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "तुला एक बोलते. नितीनला नको बोलू, आनि घरात तं बिलकुल नको."

"बोला."

"तुजी काकी चांगली बाई हाय. माजी सेवा करते. मी तिला कवा दुखावनार नाय." तळ्यात पोरं दगड मारत होती, ते बघत राहिले. "पन ती नाय रे ती."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"त्या दिवशी तपासनीमदनं बाहेर आलो. ती पडद्यातनं आली. साडी तीच. मी बगितलं आनि मना वाटलं, ही कोन? मंग बोल्लो, म्हातारा झालो, डोकं फिरलं असल. माजी हिरा कालवनात चिंच घालायची. ही कोकम घालते. माजी हिरा झोपताना दिवा चालू ठेवायची. ही इजवते. मी काय बोल्लो नाय. ती बिचारी आधीच घाबरली व्हती. सोफ्यावर झोपायची. दोगांनीबी आरडाओरडा केला असता तं कसं व्हनार?"

काकीच्या कालवणात मी लहानपणापासून कोकमच खाल्लं आहे. हे मी त्यांना बोललो नाही. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"काका, आणि मी? मी तुमचा विलास आहे का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तू जवल जवल हायस," ते म्हणाले, आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. मला त्या हाताचं वजन ओळखीचं वाटलं. तेच मला जास्त अवघड झालं.

उठताना ते म्हणाले, "तू त्या हॉलमदे जातेस काय कवा? गेलास तं बग. माजी हिरा तिथं बसली असल तं तिला सांग, मी बरा हाय."

तेव्हापासून मी हॉलमध्ये दोन माणसं शोधू लागलो. एकीकडे उजव्या कानाने बहिरे असलेले काका, दुसरीकडे चिंच घालणारी काकी. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण मी खरंच प्रत्येक खुर्ची बघायचो. ओढण्या, टोप्या, हातातल्या पिशव्या, गळ्यातली कार्डं. सिक्युरिटीतल्या एका ओळखीच्या माणसाने मला एकदा विचारलं, "विलासभाऊ, कोणाला घ्यायला येता दर वेळी?" मी म्हटलं, नातेवाईक. तो म्हणाला, "मोठा गोतावळा दिसतो, संपतच नाही." आणि पनवेलला गेलो की दोघंही मला वेगवेगळं गाठायचे. काकी पायरीवर, काका तळ्यावर. दोघांना मी 'नाही' म्हणायचो. एकमेकांचं गुपित मी कधीच फोडलं नाही. फोडावं का, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. दोघांनाही कळलं की समोरचाही तेच धरून बसलाय, तर त्यांना हलकं वाटेल की त्यांच्या पायाखालचं उरलंसुरलं निघून जाईल? मला ठरवता येत नाही.

मग कंपनीने ते जहाज दुसरीकडे नेलं. आमच्यातले बरेच जण घरी आले. मीही आलो, आता इथेच एका हॉस्पिटलमध्ये हाउसकीपिंग बघतो. जहाज गेल्याचं घरी सांगायचं मला जिवावर आलं होतं. वाटलं, दोघांचीही शेवटची आशा मी तोडतोय.

काकीला पहिलं सांगितलं. ती वाल सोलत बसली होती. म्हटलं, "काकी, बोट गेली. आता त्या हॉलमध्ये मला जाता येणार नाही."

तिचे हात थांबले. "म्हंजे आता तिथनं कोन येनार नाय?"

"नाही."

मी तिच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून तयार होऊन बसलो होतो. तिने आतल्या खोलीकडे बघितलं. काका तिथे टीव्हीपुढे खुर्चीत झोपले होते, मान उजवीकडे कललेली. ती बघत राहिली, आणि तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखे ते सैल झाले. मग म्हणाली, "बरं," आणि पुन्हा वाल सोलायला घेतले.

काकांना तळ्यावर सांगितलं. त्यांनीही तेच विचारलं, तेवढ्याच शब्दांत. "मंग तिथनं आता कोन येनार नाय ना?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी एक लांब श्वास सोडला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "चल. ही वाट बगत असल. उशीर झाला का चिरते."

घरी परतताना ते माझ्यापुढे चालत होते, नेहमीपेक्षा थोडे जोरात.

मी बराच विचार केला. स्मरणाचा आजार म्हणावा, तर तो दोघांना एकदम, एकमेकांबद्दल कसा झाला? माझी आठवण बिघडली म्हणावं, तर ती बरोबर काकीच्या आठवणीशी का जुळते? कानाचा पडदा कसा सरकला? मी केर काढला त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? नसेलच. पण मी काढला, हे खरं. ज्यांना याबद्दल काही सांगता येईल त्यांनी सांगावं. मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

ती दोघं ठीक आहेत. परवा काकीने त्यांच्यासाठी कालवणात पहिल्यांदा चिंच घातली, का ते मी विचारलं नाही. त्यांना आता कोणी यायला नको आहे.

पण मला ज्यांनी वाढवलं, माझे मार्क बहिऱ्या उजव्या कानाने ऐकणारे माझे काका... ते कुठेतरी खुर्चीत बसले असतील, तर त्यांची वाट बघणारा आता मी एकटाच उरलो आहे. आणि मला त्या हॉलमध्ये जाता येत नाही.